किटलीचं निमित्त

उमरग्याहून हैदराबादच्या दिशेनं निघालं की उजव्या हाताला चिंचहाळचा फाटा लागतो. गाव फाट्यापासून आत आहे. निवांत चाललं तर एक पान चघळून होतं, एवढ्या अंतरावर. फाट्यावर त्या काळी तीनच गोष्टी होत्या. व्यंकटचं हॉटेल, दूध सोसायटीची पत्र्याची खोली आणि ओढ्यावरची मोरी. शरणप्पा बिराजदारच्या आयुष्यात सांगण्यासारखं जे काही घडलं ते या तिन्हींच्या आसपासच घडलं, आणि तेही बहुतेक दिवेलागणीच्या सुमाराला.

शरणप्पा कोरडवाहू शेतकरी. अंगानं काटक, कपाळाला विभूती, डोक्याला टोपी आणि तोंडात शब्द मोजके. दूध सोसायटी निघाली तेव्हापासून तो तिच्या पंचांत होता. पोटनियम त्याला तोंडपाठ नव्हते, पण एकदा ठरलं ते ठरलं, एवढं त्याला कळत होतं, आणि पंचाला तेवढं पुरतं. घरात म्हातारी आई इरम्मा आणि बायको शिवकांता. एकुलती लेक लोहाऱ्याला दिलेली. घरात कानडी आणि गल्लीत मराठी, अशी त्या भागातल्या पुष्कळ घरांची रीत होती. शिवकांता तर बसवकल्याणकडची. तिला अक्षरंही कानडीच येत. नवऱ्याला ती 'री' म्हणायची. तिच्या माहेरी बायका नवऱ्याचं नाव न घेता अशीच हाक मारत.

या माणसाला एक शौक होता. विडीचा नव्हता, पत्त्यांचा नव्हता. त्याला संध्याकाळी बायकोबरोबर बाहेर जायला आवडायचं.

यात आता कुणाला काही विशेष वाटणार नाही. पण चिंचहाळात नवराबायको बरोबर घराबाहेर पडत ती काहीतरी कारणानं : बाजार, जत्रा, दवाखाना, नाहीतर कुणाची मयत. तेव्हाही नवरा पुढं आणि बायको मागं, मधून बैलगाडी जाईल एवढं अंतर राखून. कारण नसताना दोघं निघाली तर पारावरची माणसं विचारणार, 'काय झालं? कोण गेलं?' नुसतं फिरायला जाणं हे एकतर मामलेदाराचं काम, नाहीतर शेळ्यांचं.

शरणप्पाला ही चटक लागली ती बहात्तरच्या दुष्काळात.

त्या साली दोघं सडकेच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. लग्नाला काही वर्षं झाली होती, पण तेव्हा मोठ्या भावाचं बिऱ्हाडही त्याच घरात होतं, त्यामुळं दिवसाउजेडी बायकोशी चार वाक्यं बोलायची सोय नव्हती. काम सुटलं की सगळं गाव एकदमच परतीला लागायचं. त्या गर्दीत कोण कुणाबरोबर चाललंय हे बघायचं त्राण कुणाच्या अंगात नसे. शरणप्पा आणि शिवकांता हळूहळू मागं पडत. आधी थकव्यानं, नंतर मुद्दाम. हात खडीनं सोललेले, पोटात वाटपाची सुकडी, आणि शिवकांता जाणाऱ्या ट्रकांच्या पाठीवरचं कानडी मोठ्यानं वाचत चालायची. 'तायी आशीर्वाद', म्हणजे आईचा आशीर्वाद. 'मत्ते सिगोण', म्हणजे पुन्हा भेटू. मराठी ट्रक आला की वाचायची पाळी शरणप्पाची. आंध्राचा ट्रक आला की दोघांची पंचाईत. तेलुगू अक्षरं कानडीच्या चुलतबहिणींसारखी दिसतात. शिवकांताला ती अर्धीमुर्धी लागत, उरलेलं ती पदरचं घाली.

"ह्यो टरक कुठला?" शरणप्पा विचारायचा.

"मेदकचा. मिरच्या घेऊन चाललाय. आन् डरायव्हरची बायकू रुसून माहेरी गेलीया."

"हे समदं लिवलंय तिथं?"

"लिवलंय की. तुमास्नी तेलुगू येत न्हाय, त्याला मी काय करू, री?"

ते दिवस वाईटच होते. त्या साली गावातली निम्मी जनावरं गेली आणि पुष्कळ घरांना कुलपं लागली. शरणप्पानं त्या सालाला कधी चांगलं म्हटलं नाही. पण पाऊस पडला, काम बंद झालं, आणि संध्याकाळी बांधावरून एकटा घरी येताना त्याला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटू लागलं. काय राहिलं, हे कळायला त्याला बराच काळ लागला. कळल्यावरही सांगणार कुणाला? दुष्काळ संपल्याची चुटपुट लागलीय, असं गावात बोलायची सोय नव्हती.

पुढं काही वर्षांनी दूध सोसायटी निघाली. उमरग्याहून येणारी दुधाची गाडी गावात शिरायला तयार नव्हती, कारण शिरण्यासारखा रस्ताच नव्हता. म्हणून संकलनाची खोली फाट्यावर बांधली. ज्यानं त्यानं आपापली किटली सकाळ-संध्याकाळ तिथं न्यायची. शरणप्पानंही म्हैस घेतली. सकाळची किटली तो शेताकडं जाताजाता टाकायचा. संध्याकाळी तो रानात असायचा, म्हणून शिवकांता न्यायची. थोडे दिवस असे गेल्यावर इरम्मा म्हणाली, "दिवेलागणीला बाईमाणूस एकलं फाट्याला जाणं बरं न्हवं. सोबत जात जा."

शरणप्पानं विरोध केला नाही.

तेव्हापासून दोघांची संध्याकाळची एक घडी बसली. जाताना भरलेली किटली त्याच्या हातात, येताना रिकामी तिच्या. सोसायटीचा सेक्रेटरी मच्छिंद्र कांबळे खिडकीत बसून दूध तपासून घ्यायचा. ते झालं की दोघं मोरीच्या कठड्यावर जाऊन बसत. बायकांनी हॉटेलात बसायची पद्धत नव्हती, म्हणून व्यंकट दोन ग्लास चहा कठड्यावर आणून द्यायचा. चहा संपेपर्यंत ट्रक वाचायचे आणि घरी यायचं. एवढंच. ग्लास बारके असत, पण दोघंही चहा सावकाश पीत.

गावानं कधी काही विचारलं नाही. किटली हातात असली की माणूस कामाला निघालेला असतो, आणि कामाला निघालेल्या माणसाबरोबर कोण आहे याची चौकशी कुणी करत नाही.

असं बरीच वर्षं चाललं. मग शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, पावसानं पाठोपाठ दगा दिल्यावर, कडबा मिळेनासा झाला आणि शरणप्पाची म्हैस वेळेआधीच आटली. शरणप्पानं सकाळीच फाट्यावर जाऊन मच्छिंद्रला तसं सांगितलं. व्याली की पुन्हा दूध घालू, म्हणाला.

त्या संध्याकाळी घरात धार काढायचं काम नव्हतं. शरणप्पा अंगणात आला, बसला, उठला, टोपी काढून झटकून पुन्हा घातली. शिवकांतानं धुतलेली किटली परत धुतली. इरम्मा पूजा आटोपून ओट्यावर बसली होती. दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. किटली हातात घेऊन शिवकांता सवयीनं दारापर्यंत गेली आणि तिथंच थबकली.

"रिकामं भांडं घेऊन तिन्हीसांजंला उंबरा वलांडू नगं," इरम्मा म्हणाली. "समोर येणाऱ्याला अपशकुन. पाणी घाल त्यात."

जा असं ती म्हणाली नाही, जाऊ नका असंही म्हणाली नाही. भांड्याचा विषय संपवून ती वाती वळत बसली. अंगणातल्या आडाला अजून गोडं पाणी होतं. आड तळाला गेला होता, पण घरचं आणि शेजारच्या चार घरांचं भागत होतं. शिवकांतानं किटलीभर पाणी शेंदून घेतलं आणि दोघं निघाली.

वाटेत शरणप्पा म्हणाला, "ह्ये पाणी न्हेऊन करायचं काय?"

"ते फाट्याला गेल्यावर बघू," शिवकांता म्हणाली.

फाट्याला गेल्यावर प्रश्न आपोआप सुटला. व्यंकटच्या हॉटेलची बोअर आटली होती आणि टँकरचं मचूळ पाणी वापरून तो चहा करत होता. ट्रकवाले एक घोट घेऊन तोंड वाकडं करत आणि पुढच्या हॉटेलची चौकशी करत. त्या साली पाणी ओतून द्यायचं तर जीव धजत नव्हता. शरणप्पानं हॉटेलच्या मागं जाऊन किटली रांजणात रिकामी केली. व्यंकटनं त्याच पाण्याचा चहा केला, आधी स्वतः पिऊन बघितला आणि मग दोन ग्लास कठड्यावर आणून ठेवले. त्यानं पैसे मागितले नाहीत, शरणप्पानं काढले नाहीत. रोजचं हेच होऊन बसलं.

यात एक गफलत होती आणि ती शरणप्पाच्या ध्यानात आली नाही. ज्यानं म्हैस आटली असं सोसायटीला सांगितलं होतं, तोच माणूस रोज भरलेली किटली घेऊन सोसायटीच्या खिडकीवरून पुढं जात होता आणि हॉटेलच्या मागच्या बाजूला ती रिकामी करत होता.

हे बघितलं पिराजीनं. पिराजीचं शेत सडकेला लागून होतं. आदल्या वर्षी त्यानं संध्याकाळचं दूध परस्पर व्यंकटला घातलं होतं. सभासदानं दूध सोसायटीलाच द्यायचं, बाहेर विकायचं नाही, असा पोटनियम होता. पंचांपुढं विषय आला तेव्हा इतर पंच पिराजीला समज देऊन सोडायला निघाले होते. "नियम म्हंजे नियम," असं म्हणून हात वर केला तो शरणप्पानं. पिराजीचं दूध बंद झालं. तेव्हापासून त्याची म्हैस होती, सोसायटी होती, पण दोन्हींचा संबंध राहिला नव्हता. आता किटलीच्या ओझ्यानं एका अंगाला कललेला शरणप्पा त्याला रोज दिसू लागला. पिराजीनं घाई केली नाही. त्यानं नीट खात्री करून घेतली आणि मग तो चेअरमन आण्णासाहेबांच्या घरी गेला.

आण्णासाहेब एरवी हे हसण्यावारी नेते. पण टंचाईमुळं संकलन घटलं होतं आणि असंच चाललं तर चिंचहाळचं केंद्र बंद करू, असा वरून निरोप आला होता. सभासदच दूध हॉटेलला घालू लागले तर केंद्र टिकणार कसं? त्यातून घालणारा पंच.

पंच बसायच्या आदल्या संध्याकाळी मच्छिंद्रनं शरणप्पाला कठड्याजवळ येऊन सांगितलं. "मामा, उद्या पंच हितंच बसणार हायेत. विषय तुमचा हाय. किटली घेऊन या म्हणलेत आण्णासाहेब."

दोघं घराच्या वाटेला लागली. मग शिवकांता म्हणाली, "म्हस पिळून दावा की त्यांस्नी. थेंब यायचा न्हाय."

"पिळून दावली की म्हणतील, मग किटलीत काय हुतं?"

"पाणी हुतं म्हणा."

"पाणी कशापायी न्हेत हुता, म्हणतील."

शिवकांता थोडं चालली. "येंकट तुमचा मावसभाऊ लागतो म्हणा."

"येंकट तेलंगी हाय. आख्ख्या गावाला ठाव हाय."

"मग माझी तब्येत बरी न्हाय, डाक्टरनं चालाय सांगितलंय म्हणा."

"तू तर पोतं उचलतीस."

तिला हसू आलं, मग ते गेलं. "खरं मातर सांगू नगा," ती म्हणाली. "खरं सांगितलं की झालं. उद्यापासनं दार वलांडलं की बाया पदर तोंडाला लावतील. मला मग याय व्हायचं न्हाय."

शरणप्पाला ते कळत होतं. खरं सांगितलं तर हसं होणार, आणि ज्या गोष्टीवर गाव हसतं ती गोष्ट माणूस पुन्हा करत नाही. न सांगावं तर चोरीचा ठपका. सभासदत्व जाणार, मग म्हैस व्याली तरी किटलीला फाट्याला जायचं कारण राहणार नाही. नावाचं काय व्हायचं ते होईल, पण कुठल्याही वाटेनं गेलं तरी कठड्यावरची संध्याकाळ जात होती. घर आलं तेव्हा शिवकांतानं विचारलं, "उद्या मी येऊ का नगं?"

"ये," शरणप्पा म्हणाला. शेवटची असली तर ती नेहमीसारखी तरी व्हावी, एवढाच त्याचा विचार होता.

दुसऱ्या दिवशी दूध गाडीत चढलं, गाडी गेली, आणि सोसायटीच्या खोलीपुढं पंच बसले. काही सभासद उगीचच थांबले. पिराजी जरा बाजूला, पण ऐकू येईल असा उकिडवा बसला होता. शिवकांता कठड्यावर, सडकेकडं तोंड करून. शरणप्पानं किटली मधोमध ठेवली.

आण्णासाहेबांनी आधी पाऊसपाण्याचं काढलं. मग म्हणाले, "शरणप्पा, तू सोसायटीला सांगितलंस म्हैस आटली."

"व्हय."

"आन् किटली रोज भरून येंकटकडं जाती."

"जाती."

"मग किटलीत काय असतं?"

शरणप्पा किटलीकडं बघत राहिला. ओढ्यापलीकडून एक ट्रक आला आणि गेला. त्यानं तो वाचला नाही.

"पाणी," तो म्हणाला.

पिराजी हसला. "आईकलं का आण्णासाहेब? माझ्या दुधात पाणी हाय म्हणायचा ह्योच. ह्याच्या तर पाण्यातबी दूध न्हाय."

मच्छिंद्र उठला. त्यानं खोलीतून दूध तपासायची काचेची नळी आणली, किटलीचं झाकण काढलं आणि नळी आत सोडली. नळी बघताबघता आत गेली. त्यानं वाकून आकडा बघितला.

"डिग्री शून्य," तो म्हणाला. "निव्वळ पाणी हाय, आण्णासाहेब. सेक्रेटरी झाल्यापासनं इतका बिनभेसळीचा माल माझ्या खिडकीवर अजून आला न्हाय."

पंच हसले. आण्णासाहेबांनी पेला मागवला, किटलीतलं पाणी घेतलं, प्यायले, आणि पेला खाली ठेवताना म्हणाले, "गोडं हाय." चोरीचा विषय खरं म्हणजे तिथंच मिटला होता. पण पिराजी मिटू देईना.

"पाणी तर पाणी," तो म्हणाला. "पर एक किटली पाणी आणाय दोन माणसं? बायकूला कशापायी आणतूस रोज? ती काय नळी टाकून बघती काय?"

सगळे शरणप्पाकडं बघू लागले. शरणप्पानं टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. तो बोलणार होता की नाही, हे त्याचं त्यालाही पुढं कधी सांगता आलं नाही. बोलली शिवकांता. तोंड सडकेकडंच ठेवून ती म्हणाली,

"ते मला आणत न्हाईत. म्या त्यांस्नी आणते."



"त्यांस्नी कानडी वाचता येत न्हाय," ती पुढं म्हणाली. "एकले आले तर निम्मे टरक तसेच जात्यात."

आण्णासाहेबांनी मान खाली घालून मिशी पुसली. दोन पंच एकमेकांकडं बघत होते आणि हसू नये म्हणून लगेच दुसरीकडं बघत होते. शेवटी आण्णासाहेब म्हणाले, "पाण्याबद्दल पोटनियमात काही नाही. ट्रकांबद्दलही नाही. विषय संपला."

लोक उठू लागले तेव्हा शरणप्पा पहिल्यांदा स्वतःहून बोलला. "पिराजीचं दूध चालू करा," तो म्हणाला. "संकलन कमी पडतंय."

"आन् नियम?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"नियम हाय तिथंच हाय. पर आदी माणसाला इचारावं, किटलीत काय असतं आन् कशापायी असतं. पिराजीला आपण इचारलं नव्हतं."

पिराजीनं ओठांत धरलेली विडी पेटवली नाही. तो थुंकला, उठला आणि शेताकडं निघून गेला. तिसऱ्या दिवशी त्याची किटली खिडकीवर आली.

शिवकांतानं म्हटलं होतं तसंच झालं. सकाळपर्यंत गावभर झालं होतं. आडावर पाण्याला आलेल्या बायका शेंदता शेंदता एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. "वहिनी, आमच्या दारावरचं बी वाचून दावा की," एक म्हणाली. रानात शेजारच्या बांधावरून कुणीतरी ओरडून विचारलं, "शरणप्पा, कानडी शिकलास का?"

संध्याकाळी शरणप्पा गोठ्यातच राहिला. आटलेल्या म्हशीपुढची गव्हाण झाडायचं काही कारण नव्हतं, तरी झाडत राहिला. शिवकांतानं किटली फळीवर पालथी घातली आणि चुलीपुढं बसली. दिवा लावायची वेळ झाली. इरम्मा ओट्यावरून उठली, भिंतीला धरत गोठ्याच्या दाराशी आली.

"आज जायाचं न्हाय व्हय?"

"न्हाय, अव्वा."

"का?"

"गाव हसतंय."

"हसू दे. गावाला दुसरं काय हाय औंदा हसाय?" ती दाराच्या चौकटीला टेकली. थोड्या वेळानं म्हणाली, "तुजा बा लई बोलका हुता. पर ते मला दुसऱ्यांच्या तोंडनं कळलं. पारावर असं बोलला, बाजारात तसं बोलला. आमच्या येळंला डेअरी न्हवती."

शरणप्पानं झाडणी खाली ठेवली. शिवकांता दारात येऊन उभी राहिली होती. तिनं फळीवरच्या किटलीकडं हात नेला.

"ऱ्हाऊ दे ती," इरम्मा म्हणाली. "आता समद्यांस्नी ठाव झालं. वझं कशाला?"

दोघं तशीच निघाली. हातात काही नसताना त्या वाटेनं शरणप्पा पहिल्यांदाच चालत होता आणि आपल्या हातांचं काय करावं ते त्याला समजत नव्हतं. मागं बांधले तर मामलेदारासारखं वाटे, सोडले तर भांडायला निघाल्यासारखं. शिवकांता दोन पावलं मागं होती. पारावर नेहमीची माणसं बसली होती. त्यांचं बोलणं थांबलं.

"शरणप्पा, आज किटली न्हाय?" एकानं विचारलं.

"न्हाय."

"मग कुणीकडं?"

पारावरून फाट्याकडं जायला ती एकच वाट होती. उमरग्याला चाललो, दवाखान्यात चाललो, असं काहीही सांगता आलं असतं. शरणप्पा थांबला. मागची पावलंही थांबली.

"फिराय चाललोय," तो म्हणाला.

या उत्तराला पुढचा प्रश्न काय विचारावा हे कुणाला सुचलं नाही. मग एक म्हातारा म्हणाला, "जावा की. वारं बी बरं हाय."

पार मागं पडल्यावर शिवकांता दोन पावलं पुढं आली आणि बरोबरीनं चालू लागली. दोघं मोरीपाशी आल्यावर व्यंकट नेहमीप्रमाणं हॉटेलच्या मागच्या बाजूला येऊन उभा राहिला. दोघांचे रिकामे हात बघून त्याचा चेहरा उतरला.

"पाणी?"

"आज न्हाय," शरणप्पा म्हणाला. "आज नुसतं फिराय आलो."

"फिराय रोज या आप्पा, कोण नगं म्हणतंय. पर पाणी घेऊन या. ह्या मचूळ पाण्याचा च्या करून कुणाच्या माथी मारू?"

त्या दिवशी चहा मचूळ झाला. दोघांनी तो सावकाशच प्यायला. दुसऱ्या दिवसापासून किटली पुन्हा भरून जाऊ लागली, मात्र निमित्त म्हणून नाही, व्यंकटला पाणी हवं होतं म्हणून. मच्छिंद्रनंही एकदा खिडकीतून हाक मारून सांगितलं की कॅन विसळायला थोडं पाणी राखलं तर बरं होईल. मग शरणप्पानं दुसऱ्या हातात कळशी घेतली.

केंद्र कसंबसं तगलं. पुढच्या पावसाळ्यानंतर म्हैस व्याली. किटलीत पुन्हा दूध आलं, आणि दूध आलं म्हणून संध्याकाळच्या जाण्यायेण्यात काही फरक पडला नाही. गावाचं हसणंही हळूहळू विरलं, कारण हसायला रोज नवीन काही मिळत नव्हतं. तीच दोघं, तोच कठडा.

पिराजी मात्र शरणप्पाशी फारसं बोलला नाही. त्यानं दूध घालायचं आणि जायचं. पण त्या हिवाळ्यात एक दिवस त्याची किटली घेऊन त्याची बायको पुतळाबाई आली, आणि तिच्या खूप पुढं, ओळख नसल्यासारखा, पिराजी. किटली खिडकीवर दिल्यावर तो हॉटेलात शिरला आणि पाठ करून बसला. थोड्या वेळानं व्यंकट चहाचा एक ग्लास घेऊन बाहेर आला आणि त्यानं तो पुतळाबाईच्या हातात दिला. कुणी सांगितला हे त्यानं बोलून दाखवलं नाही. पुतळाबाई ग्लास घेऊन इकडंतिकडं बघत राहिली, आणि मग येऊन कठड्याच्या पार दुसऱ्या टोकाला टेकली.

सडकेवरून आंध्राचा एक ट्रक गेला. त्याच्या पाठीवर बरंच काही लिहिलं होतं.

"काय लिवलंय वो त्याच्यावर?" पुतळाबाईनं विचारलं.

शिवकांतानं एकदा शरणप्पाकडं बघितलं. शरणप्पा चहा पीत होता.

"वरंगळचा हाय," ती म्हणाली. "कापूस घेऊन चाललाय. आन् डरायव्हरची बायकू परत आलीया."